धुराडं बंद होतं

तोंड दाखवायच्या लायकीचा मी राहिलो नाही, तरीही बोलतोय. मी एक स्मोकर. धुरावर मांस शिजवायचं काळं, गोल, लोखंडी पिंप म्हणा हवं तर. अमेरिकेतल्या ओहायो राज्यात डब्लिन नावाचं गाव आहे, तिथल्या एका गॅरेजात बर्फ ओढायच्या फावड्याशेजारी मी उभा असतो. आयुष्यात एकदाच पेटलो, आणि त्या एका दिवसाची लाज मला अजून पुरते आहे.

जन्म कारखान्यातला, त्यात सांगण्यासारखं काही नाही. दुकानात मात्र मी रुबाबात होतो. खाली निखाऱ्यांचं भांडं, वर जाळी, त्यावर घुमटासारखं झाकण आणि झाकणावर छोटंसं धुराडं. गेल्या वर्षी ऑगस्टमध्ये श्रीरामने मला घरी आणलं. श्रीराम मूळचा नागपूरचा, इथे एका विमा कंपनीत सॉफ्टवेअरचं काम करतो. माझ्याभोवती दोन चकरा मारून त्याने बायकोला, शोभनाला, हाक मारली आणि म्हणाला, "आता बघ यार!"

त्याचं असं होतं. त्यांची मुलगी नैना शाळेच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायची. शुक्रवारी संध्याकाळी शाळेची फुटबॉल मॅच असली की त्याआधी पार्किंगमध्ये गाड्यांच्या डिक्या उघडून पालक स्वयंपाक मांडतात, पोरं खातात आणि मग मैदानात जातात. याला टेलगेट म्हणतात. तीन वर्षं बाकीचे बाप ग्रिल पेटवायचे आणि श्रीराम पेपर नॅपकिन आणायचा. नॅपकिन आणणाऱ्याला कोणी नावाने ओळखत नाही. आता नैनाचं शाळेतलं शेवटचं वर्ष होतं. एकदा तरी आपल्या हातचं पोरांना वाढावं आणि तिने चारचौघांत 'हे माझे बाबा' म्हणावं, एवढीच त्याची इच्छा होती.

नैना म्हणाली होती, "बाबा, जस्ट ब्रिंग द नॅपकिन्स, प्लीज." ते त्याने हसण्यावारी नेलं.

मग काय, उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग! त्याने लॅपटॉपवर एक्सेल शीट केली. कोळसे किती वाजता, धुरासाठी हिकरीच्या लाकडाचे तुकडे किती वाजता, चाळीस लेग पीस, सावजी मसाला आदल्या दिवशी लावायचा. प्रत्येक रकान्याला वेगळा रंग. सगळं होतं तिच्यात, फक्त 'घरी एकदा करून बघणे' हा रकाना नव्हता.

"अरे, आधी दोन पीस ट्राय कर ना," शोभना म्हणाली.

"अकरा व्हिडिओ बघितलेत मी," तो म्हणाला.

त्या शुक्रवारी त्याने सुट्टी टाकली. दुपारी दोनला आम्ही शाळेच्या पार्किंगमध्ये हजर. कोळसे छान फुलले, लाकडाने पेट घेतला, आणि माझ्या धुराड्यातून बारीक निळसर धूर वर जायला लागला. असाच जायला हवा असतो तो. मी मनात म्हटलं, जमलं.

श्रीराम मात्र त्या धुराकडे बघून कासावीस झाला. "सगळा वाया चाललाय गं."

"व्हिडिओत उघडंच होतं ना ते?" शोभना म्हणाली.

"त्या माणसाला धुंगार काय माहीत? आपण डाळीला देतो तेव्हा झाकण उघडं ठेवतो का? जळता कोळसा, त्यावर तूप, की लगेच झाकण! धूर कोंडला तरच वास लागतो." आणि त्याने माझं धुराडं घट्ट बंद केलं.

धुंगार पाच मिनिटांचा असतो हो. इथे तीन तास होते. माझा विस्तव गुदमरला, पांढरा दाट धूर पोटात फिरू लागला आणि सगळी काजळी कोंबडीवर बसली. मला कळत होतं, पण मला तोंड कुठे आहे? होतं तेच त्याने बंद केलेलं. पलीकडे बर्गर भाजणारा एक बाप येऊन म्हणालासुद्धा, "शुडन्ट दॅट बी ओपन?" श्रीरामने ऐटीत उत्तर दिलं, "इंडियन टेक्निक!" खरं सांगतो, त्या क्षणी मीही फुगलो. म्हणून तर आज जास्त लाज वाटते.

साडेपाचला झाकण उघडलं. तुकडे दिसायला सुरेख, चकचकीत काळसर. पोरांनी रांग लावली. पहिला घास घेतलेला मुलगा थबकला, "इंटरेस्टिंग!" म्हणाला आणि सरळ कचऱ्याच्या डब्याकडे गेला. मग दुसरा गेला. श्रीरामने स्वतः एक तुकडा तोंडात घातला. जीभ बधिर करणारा कडूपणा होता. कोणीतरी पिझ्झा मागवला.

शोभना पिझ्झेवाल्याला शोधायला गेटकडे गेली. श्रीराम निखारे बघायचं निमित्त करून माझ्यामागे उकिडवा बसला. निखाऱ्यांत बघण्यासारखं काही नव्हतं. तो लपला होता.

तेवढ्यात बँडच्या गणवेशात नैना आली, बरोबर दोन मैत्रिणी. त्यातल्या एकीने घास घेतला आणि नॅपकिनमध्ये थुंकला. "ओह गॉड, हू मेड दिस?"

नैनाने माझ्याकडे पाहिलं. "आय डोन्ट नो," ती म्हणाली. "सम डॅड."

तो माझ्यामागेच होता, हातभर अंतरावर, हातात चिमटा. माझं पोट एवढं मोठं की तिला तो दिसलाच नाही. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. कोंबडी कडू केली हे एक वेळ सोडा, पण मी आडवा नसतो तर पोर असं बोलली नसती. ती वाईट नाही. सतरा वर्षांची होती, मैत्रिणींसमोर घाबरली.

पुढच्या शुक्रवारी श्रीराम पुन्हा नॅपकिन घेऊन गेला. मला न धुताच कोपऱ्यात ठेवलं होतं.

वर्ष होत आलं. आज नैना कॉलेजला निघाली आहे. मघाशी दोघं बॅगा न्यायला गॅरेजात आले. तिने माझं झाकण उचललं, आतली काजळी बघितली. "बाबा, यू नेव्हर यूज्ड इट अगेन! वन बॅड चिकन, बाबा."

"तुझ्या मैत्रिणींना आवडलं नव्हतं ना," तो बॅगेची चेन लावत म्हणाला.

तिने त्याच्या पाठीवर हात ठेवला, समजूत घालावी तसा. "डोन्ट वरी. त्यांना माहीतच नाही तू केलंस ते. मी कोणालाच नाही सांगितलं."

"हो," तो म्हणाला. "माहीत आहे मला."

आणि बॅग उचलून तो बाहेर गेला.

ती अजून इथेच उभी आहे, माझं झाकण हातात धरून. तिचा चेहरा पांढरा पडला आहे. मला बोलता येत नाही, येत असतं तर एवढंच म्हटलं असतं: पोरी, झाकण टाक तिथेच आणि जा. त्याने गाडीची डिकी अजून लावलेली नाही.