चार चौकोन

थॉर्किल माझ्यावर नऊ दिवस रुसला होता आणि चूक माझी नव्हती, हे मी आजही छातीठोकपणे सांगते.

एकोणीसशे चौसष्ट साल. ओडेन्स शहरातल्या मलमांच्या एका लहानशा कारखान्यात प्रयोगशाळा होती. तिथे तो औषधं घडवायचा आणि मी ती पारखायचे. इसबावरचं एक औषध पोटात घेतलं तर चांगलं चाले, पण वरून चोळलं की कातडी त्याला दारातच उभं करी. थॉर्किलने त्या औषधाला तेलात विरघळणारी शेपटी जोडली. कातडीचा वरचा थर तेलकट, म्हणून तेलकट पाहुण्याला तो आत घेईल, असा त्याचा होरा. औषध आत पोचलं की बारीक रक्तवाहिन्या आकसतात आणि तेवढीच जागा पांढरी पडते. आम्ही सगळे हातांवर मलमाचे चौकोन लावून घेत असू. सकाळी खिडकीपाशी एकेक हात धरून मी पांढरेपणाला गुण देई, शून्य ते तीन. कुणाच्या हातावर कुठलं औषध आहे, हे मला मुद्दामच सांगत नसत; ते बंद चिठ्ठ्यांत लिहिलेलं असे.

थॉर्किलच्या हातावरच्या चारही चौकोनांना मी शून्य दिलं.

"नीट बघ ना, इंगेबोर्ग."

"बघितलं. तुझ्या हातावर तीळ तेवढे आहेत."

चिठ्ठ्या उघडल्यावर कळलं, शून्य मिळालेले सगळे चौकोन शेपटीवाल्या औषधाचे होते. डायरेक्टर म्हणाले, "बस झाल्या शेपट्या," आणि काम बंद झालं. थॉर्किलला परदेशातून, बाझेलहून, नोकरीचं बोलावणं आलेलंच होतं. त्याने होकार कळवून टाकला.

मला तो हवा होता, हे इथेच सांगून मोकळी होते. एकेक गुण दिला असता तर काम चालू राहिलं असतं आणि तोही राहिला असता. कुणाला कळलंही नसतं. घरी जाऊन मी खूप रडले, पण शून्य काही खोडलं नाही.

जायच्या आदल्या दिवशी सामान बांधताना काचेचं भांडं फुटून त्याचा अंगठा कापला. पट्टी भिजू नये म्हणून त्याने बोटांपासून कोपरापर्यंत प्लॅस्टिकचा पातळ कागद गुंडाळला आणि तसाच झोपला. सकाळी मी निरोपाचा ब्रुन्सविगर घेऊन गेले. या केकवरची साखर बोटांना चिकटते. त्याला एका हाताने खाता येईना, म्हणून मी त्याचा कागद सोडू लागले.

"अरे, हात हलवू नकोस!"

"दुखतंय मला."

"दुखू दे. इकडे खिडकीशी ये."

मनगटाच्या वर एका ओळीत चार पांढरे चौकोन उमटले होते. नऊ दिवस तो रोज हात धूत होता, तरीही. औषध आत गेलंच होतं. कातडीच्या सगळ्यात वरच्या थरात दडून बसलं होतं. कागदाखाली तो थर ओला झाला, मऊ पडला आणि औषध खाली उतरलं. आम्ही मलम उघडंच ठेवलं होतं, एवढीच आमची चूक.

त्याने हात उजेडात वळवून पाहिला. मग हळूच म्हणाला, "किती देतेस?"

"तीन."

"चारही?"

"एक जरासा फिका आहे. त्याला दोन."

तो इतका हसला की ब्रुन्सविगर सांडला. बाझेलला जाणं राहिलं. पुढच्या वसंतात आमचं लग्न झालं आणि बावन्न वर्षं तो प्रत्येक गोष्टीचे माझ्याकडे गुण मागत राहिला. सूप, भिंतीचा रंग, मुलीचा नवरा. मी कधी हात सैल सोडला नाही. जावयाला दोनच दिले, अजून दोनच आहेत.

शेवटच्या वर्षी त्याच्या दुखण्यावर औषधाची चिकट पट्टी असे. छातीवर लावायची, कातडीतून ते आत जायचं. दर तीन दिवसांनी नर्स बदलून जाई. त्या सकाळी तिने जुनी पट्टी काढली. पट्टीखालची जागा किंचित ओलसर होती, बाकी पांढरं काहीच नव्हतं. थॉर्किलला मान उचलवत नव्हती.

"किती?" त्याने विचारलं.

मी चष्मा लावला आणि वाकून नीट पाहिलं.

"तीन," मी म्हटलं.

त्याने डोळे मिटले. "खोटारडी," तो म्हणाला आणि माझा हात घट्ट धरला.