डाळिंबी शाल

कोलकात्याच्या मराठी मंडळात गणपती पाच दिवस बसतो, त्यातले तीन दिवस सत्कारांत जातात. वेळ कमी पडला तर आरती आवरती घेतील, पण शाल-श्रीफळाला कात्री लागत नाही. या खात्याचे सर्वेसर्वा बावीस वर्षं एकच, बँकेतून निवृत्त झालेले श्यामराव. शाल कुणाला मिळणार ते त्यांनीच ठरवायचं आणि गडियाहाटच्या बाजारातून ती आणायचीही त्यांनीच.

यंदा मात्र त्यांचा जीव थाऱ्यावर नव्हता. दिवाळीनंतर ते कायमचे नाशिकला निघणार होते. हा शेवटचा गणपती, आणि सगळ्या गावाला शाली पांघरवणाऱ्या माणसाचा स्वतःचा सत्कार एकदाही झालेला नाही! यादीत आपलं नाव आपणच कसं घालणार? पण शाल घ्यायला कोण अडवतंय? दहा शाली नेहमीच्या, मानेला टोचणाऱ्या आणल्या. अकरावी आणली डाळिंबी, मऊसूत, अस्सल लोकरीची. घरी आरशासमोर ती दोनदा खांद्यावर घेऊन पाहिली.

"शोभतेय," पत्नी वृंदाताई म्हणाल्या. "पण विचारतील तेव्हा पटकन हो म्हणा म्हणजे झालं."

"पटकन? हावरटासारखं? तीनदा नको म्हणायचं, मग त्यांनी हाताला धरून ओढून न्यायचं. रीत आहे ती."

दुसऱ्याच दिवशी नवा सचिव मंदार आला. न्यू टाउनच्या आयटी कंपनीतला, घाईतला माणूस.

"काका, यंदा तुमचा सत्कार करू या का?"

"छे छे, माझा कशाला? खरे राबतात त्यांचा करा."

"नक्की नको?"

"अरे, नकोच!"

"ओके काका." त्यानं फोनवर काहीतरी टिपलं आणि गेला. तिसऱ्यांदा विचारलंच नाही. आयत्या वेळी चकित करणार असतील, असे मनातले मांडे खात श्यामरावांनी दोन दिवस काढले.

शेवटच्या संध्याकाळी रेशमी कुर्ता घालून ते पहिल्या रांगेत बसले. दहावी शालही देऊन झाली. ताटात डाळिंबी उरली, तसे ते खुर्चीतून अर्धे उठले.

"श्यामरावकाकांनी मोठ्या मनानं सत्कार नाकारलाय," मंदार माइकवर म्हणाला. "त्यांच्या शब्दाचा मान राखून ही शाल त्यांच्याच हस्ते आपल्या अनिलरावांना!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. हावड्याच्या रेल्वे कचेरीतून निवृत्त झालेले अनिलराव वीस वर्षं मंडपाचे बांबू मोजत आले होते. ते लगबगीनं पुढे झाले. श्यामरावांनी शाल त्यांच्या खांद्यावर ठेवली, तसे ते कानाशी वाकले.

"गेल्या वर्षी मीही दोनदाच नको म्हणालो होतो, श्यामराव. 'अनिलरावांच्या शब्दाचा मान राखू' असं याच माइकवरून सांगितलंत. यंदा मंदारचं वाक्य संपायच्या आत हो म्हटलं."

श्यामरावांना सगळं आठवत होतं. तेव्हा किती गंमत वाटली होती, तेही.

"दादा, एकटू हाशुन," फोटोवाला ओरडला. श्यामराव हसले. शालीचं टोक मात्र त्यांच्या मुठीतून सुटेना. शेवटी अनिलरावांनीच ते ओढून घेतलं.