घरगुती कारणासाठी तीन महिने

मी एक जुना आवक शिक्का आहे. वाशीमच्या एका शिक्केवाल्यानं मला घडवलं. लाकडी मूठ, खाली रबर आणि मध्ये तारखेची फिरती चाकं. तेव्हापासून मंगरूळपीरच्या एका कचेरीत देवमन बाबूंच्या टेबलावर माझा मुक्काम आहे. दिवसातून शंभरदा तोंडावर आपटायचं, हेच माझं काम. मी उमटल्याशिवाय अर्ज आला असं कोणी धरत नसे, म्हणून मला गर्वही होता. कॉम्प्युटर आला आणि तो गर्व उतरला.

मित्रांनो, माणसं रजेच्या अर्जात खरं कारण फारसं लिहीत नाहीत. लग्न असो, भांडण असो की दाढदुखी, लिहायचं एकच: 'घरगुती कारण'. मला त्याचं हसू यायचं.

गेल्या पोळ्यानंतर आमच्या कचेरीतल्या शिपाई वच्छलाबाईंनी असाच अर्ज आणला. रजा मात्र तीन महिन्यांची. बाबूंनी मला उचललं आणि हवेतच थांबवलं.

"काकू, घरचं काम तीन महिने कोणतं असते? बिनपगारी होईन हे."

"मंग एकच मईना करा. बाकीचं मी पाहीन."

शेजारच्या टेबलावरून सपनाताई म्हणाल्या, "काकू, काय लपवून राह्यल्या तुमी?"

बाबू चहाचं निमित्त करून उठले. मग वच्छलाबाई बोलल्या.

"छातीत गाठ हाय, बाई. अकोल्याच्या डॉक्टरनं कॅन्सर सांगतला. ऑपरेशन, मंग औषधं. अर्ज बाप्या माणसायच्या हाती जाते, कसं लिवू?"

"दुखण्याची कायची लाज? आजारपणाची रजा भरपगारी भेटते तुमाले. डॉक्टरचा कागद हाय ना?"

कागद पिशवीतच होता, दोन महिन्यांपासून! खरं सांगतो, मला राग आला. दोन महिने लाजेत गेले होते आणि एका महिन्याच्या रजेत उपचार अर्धेच राहिले असते.

सपनाताईंनी खरं कारण लिहून नवा अर्ज केला. बाबू परतले. त्यांनी तो वाचला आणि मला त्यावर टेकवलं. इतक्या जपून मला कोणी कधी टेकवलं नव्हतं.

तीन महिन्यांची रजा पूर्ण पगारानं मंजूर झाली. उपचार पुरे करून वच्छलाबाई परत आल्या. डोक्याला रुमाल बांधून फायली वाटतात, अधूनमधून खुर्चीवर बसतात.

मित्रांनो, माझी काळजी नका करू, झिजलेलं रबर बदलता येतं. पण तुमच्या घरी कोणी दुखणं अंगावर काढत असेल, तर तिला विचारा. ती "काही नाही" म्हणेल. तेव्हा पुन्हा एकदा विचारा.