पाळकांच्या कमरेचा पट्टा

मी कमरेचा पट्टा बोलतोय. जाड चामड्याचा, पितळी बकलाचा. एका म्हाताऱ्या कारागिराने मला कापलं, कडा घासून गुळगुळीत केल्या, आरीने भोकं पाडली आणि समोरच्या तरुण मुलीला म्हणाला, "वापरणारा झिजेल बाई, हा नाही झिजायचा." ती हसली. तिचं लग्न ठरलं होतं आणि होणाऱ्या नवऱ्यासाठी तिने मला घेतलं होतं.

नवरा एका लहानशा ख्रिस्ती मंडळीचा पाळक. चर्चला लागूनच त्यांचं दोन खोल्यांचं घर. त्यांच्या कमरेला बसून मी माणसांच्या पुष्कळ खोडी पाहिल्या. कुणाकडे जेवायला गेले की पाळक मला टेबलाखाली गुपचूप एक भोक सैल करत. कुणाला वाईट बातमी सांगायची असली की दारात थांबून उगाच मला आवळत. उपदेश करताना अंगठा माझ्यात अडकवायची त्यांना सवय होती. बोलायचे साधंच. पण एक गोष्ट ठासून सांगायचे: ज्याने मनापासून स्वतःला प्रभूच्या हाती दिलं, त्याला प्रभू कधीच टाकत नाही. तारण, म्हणजे आत्म्याची सुटका, आपल्या मुठीच्या जोरावर टिकत नाही, त्याच्या मुठीच्या जोरावर टिकतं.

मंडळीत घड्याळं दुरुस्त करणारे एक गृहस्थ होते. सगळे त्यांना घड्याळकाका म्हणत. माणूस कामाला वाघ, पण जिभेला कडक. उपासना संपली की ते पाळकांना दारातच गाठायचे.

"असं सांगत जाऊ नका. लोक सुस्तावतील. ज्याने पाठ फिरवली, तो गेला."

"काका, आपण टिकतो ते कुणाच्या बळावर?" पाळक विचारायचे. काका मान झटकून निघून जायचे. हा वाद कधी मिटला नाही.

मग म्हातारपणी पाळक विसरायला लागले. आधी किल्ल्या, मग गीतांचे शब्द, मग स्वतःच्या मुलीचं नाव. मंडळीचं काम नव्या पाळकाकडे गेलं. आमचे पाळक वाळत चालले, तशी बायकोने खिळा तापवून मला नवी भोकं पाडली. चालताना त्यांचा तोल जायचा, म्हणून ती मागून मला मुठीत धरून चालायची. त्यांना वाटायचं, आपण एकटेच चालतोय.

एका रविवारी प्रभुभोजनाच्या वेळी नव्या पाळकाने भाकर पुढे केली. आमच्या पाळकांनी ती हाताने बाजूला सारली. "कोण तुमचा देव? मी नाही ओळखत त्याला. मला घरी जाऊ द्या."

घड्याळकाका हळूच म्हणाले, पण सगळ्यांना ऐकू गेलं. "आता त्यांना देऊ नका. स्वतःच्या तोंडाने नाकारलंय त्यांनी."

घरी आल्यावर मुलीला रडू आवरेना. "आई, काकांचं खरं असलं तर? बाबा असेच गेले तर?"

आई खाली बसून त्यांचे बूट काढत होती. "परवा हे मला म्हणाले, बाई, तुम्ही कोण? मग मी ह्यांची बायको राहिले नाही का?"

"तसं नाही गं, पण..."

"ह्यांना मी आठवत नाही. मला हे आठवतात. तेवढ्यावर आमचा संसार चाललाय. देवाची आठवण काय माझ्यापेक्षा कच्ची आहे?"

मुलीने बूट उचलून दाराशी ठेवले. पटलेलं मात्र नव्हतं.

काही दिवसांनी चर्चच्या पायऱ्या उतरताना पाळक एकाएकी चिडले. "सोडा मला! कशाला धरता?" म्हणत त्यांनी कोपराने बायकोला ढकललं आणि त्यांचाच पाय घसरला. त्यांचा सगळा भार माझ्यावर आला. माझं चामडं करकरलं. ती गुडघ्यावर आपटली, रक्त आलं, पण मूठ उघडली नाही. मुलगी धावत आली, तेव्हा हे पायरीवर सुखरूप बसून बायकोलाच बोल लावत होते.

जखम पुसता पुसता मुलगी म्हणाली, "आई, ते तुला ढकलत होते."

"तेव्हाच तर घट्ट धरायचं असतं. आणि माझं मनगट म्हातारं आहे गं. देवाचं नाही."

मुलीने आईचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला.

त्या हिवाळ्यात पाळक गेले. शेवटी तरी प्रभूचं नाव घेतील, असं कितीजणांना वाटत होतं. नाही घेतलं. पाणी मागितलं आणि खिडकीकडे तोंड केलं. प्रार्थना बायकोने म्हटली, त्यांच्या वाटचीही.

दफन झाल्यावर घड्याळकाका घरी आले. मी खुर्चीच्या पाठीवर लटकत होतो. हातातला चहा त्यांनी न पिताच खाली ठेवला. मग म्हणाले, "वहिनी, माझा धाकटा मुलगा..."

सगळ्यांना ठाऊक होतं. तो चर्चमध्ये गायचा. पुढे चर्च, प्रार्थना सगळं सोडून परगावी गेला आणि तिथेच अपघातात वारला. तेव्हापासून काकांनी त्याचा विषय काढला नव्हता.

"लहानपणी कुणी बघू नये म्हणून माळ्यावर जाऊन प्रार्थना करायचा. खरी असायची ती. मी पाहिलंय." काकांनी डोळे पुसले. "पाळकांचं बरोबर असेल, तर मला त्याच्यासाठी आशा धरावी लागेल. तो गेला म्हणून गप्प बसणं सोपं होतं हो. आशेची भीती वाटते."

"त्याच्या मनात काय होतं, ते मी कोण सांगणार, भाऊजी? पण ज्याच्याशी तो माळ्यावर बोलायचा, त्याने ऐकलेलं आहे. तो विसरत नाही. तुम्ही आपल्या मुलाचं नाव घ्या बरं. इथेच घ्या."

काकांनी नाव घेतलं. आधी ओठांतल्या ओठांत, मग मोठ्याने, मग रडत, पुन्हा पुन्हा.

आता मी मुलीच्या कपाटात आहे. बक्कल काळवंडलंय, भोकं फाटलीत, पुन्हा कुणाच्या कमरेला लागेनसं वाटत नाही. तक्रार नाही. तुमचंही कुणी विसरत चाललं असेल, चिडून लांब गेलं असेल, तर त्याचं नाव घेणं बंद करू नका. ओ आली नाही, तरी हाक मारत राहा.