कासूची निळी सतरंजी

मित्रांनो, मी सतरंजी आहे. जुनी, निळी, दोन ठिकाणी ठिगळ लावलेली. बोलणं जरा फटकळ आहे, तेवढं सांभाळून घ्या. बत्तीस वर्षं लोक माझ्यावर बसून जेवले आणि उठून गेले, मग मीही कधीतरी बोलणारच ना!

माझा जन्म सोलापूरकडच्या मागावरचा. पेणच्या बाजारातून मला खांद्यावर घालून आणलं ते कासू गावच्या कमळाकर आणि सुलेमान या दोन शेजाऱ्यांनी. त्या दिवसापासून बारसं असो, हळद असो की निकाह, गावच्या हॉलात पहिला मान माझा.

पण माझं खरं सुख सगळं आटोपल्यावरचं. मंडपवाले बांबू सोडवत, बायका टोप घासायला बसत, आणि माझे चार कोपरे धरून चौघं उभी राहत. कमळाकर आणि त्याची बायको विमलबाई, सुलेमान आणि त्याची बायको शरीफा. सुलेमान ओरडे, "एक, दोन, हाणा!" की मी हवेत! अक्षता, भाताची शितं, धूळ, सगळं उडून जाई. काय हलकं वाटायचं म्हणून सांगू! मग मला उन्हात वाळवत आणि नंतरच घडी घालत. ओली घडी घातली की मी आतून कुजते, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

पुढे सुलेमान कामाला कुवेतला गेला. दोन वर्षांपूर्वी कमळाकर वारला. आता कार्य संपलं की जो तो आपल्या चपला शोधतो, आणि मला कुणीतरी गुंडाळून खोलीत ढकलतं. त्या चौघांची मला फार आठवण येते हो.

परवा दुपारी हॉलात लग्न झालं. पंगतीत कढीचं पातेलं माझ्यावर लवंडलं. वऱ्हाड गेलं. गावच्या मंडळाचा रितेश हॉलची चावी घेऊन घाईत उभा होता.

"गुंडाळा तशीच," तो म्हणाला. "सडली तर सडली. आता खुर्च्याच मागवायच्या हायेत."

विमलबाई उसळली. "तशी नाय गुंडाळायची! ह्यांनी खांद्यावरून आणलीय ती. माझ्या जिवात जीव हाय तवर कुजू देणार नाय!"

तिने कढी पुसून काढली आणि एकटीच मला अंगणात ओढू लागली. मी काय हलतेय! तेवढ्यात शरीफा धावत आली. तिच्या हातातल्या फोनवर सुलेमान दिसत होता.

"थांब गो विमल, मी धरते," म्हणत तिने फोन पायरीवर उभा केला.

"अरे, ही तर आपली निळी!" सुलेमान ओरडला. "रितेश, बघतोस काय? माझा कोपरा धर!"

रितेश ओशाळला. चावी खिशात टाकून त्याने कोपरा धरला. तिघांनी मला बाहेर नेलं.

"एक, दोन, हाणा!" फोनमधून आवाज आला. तीन कोपरे वर गेले. चौथा मातीत फरफटला.

सुलेमानला तो कोपरा फोनवर दिसला. मग हळूच म्हणाला, "कमळाकरचा कोपरा कोन धरतंय गो?"

विमलबाईने डोळ्यांना पदर लावला.

मित्रांनो, मला धुऊन कुंपणावर वाळत घातलं, मी वाचले. पण जेवण झालं की लगेच पळू नका. माझ्याजवळ या, वाका आणि तो चौथा कोपरा धरा. कमळाकरच्या जागी अजून कुणी आलेलं नाही.