उंच पेल्यातलं पानी

आमच्या नातवाला, गहिनीला, शाळेत घालून चार महिने झाले न्हाईत, तर भिमाजी गुर्जीनं माझ्या लेकाला, सूर्यभानला, चावडीम्होरं गाठलं अन् सांगितलं, "पोरगं डोक्यानं मंद हाय. पालथ्या घड्यावर पानी." झालं! लेकाला निमित्तच पायजे हुतं. दसरा झाला की आमच्या पाथर्डीकडच्या गाड्या ऊसतोडीला निघत्यात, पार श्रीरामपूर-पुनतांब्यापतुर. सूर्यभान म्हनला, "आये, शिकायचंच न्हाई तर त्याला हितं कशाला ठिवायचा? संगं नेतो. बैलं तरी राखील."

म्हनलं, "सहा वर्साचं लेकरू ते! तुझ्या बापानं तुला आसंच नेलं, अन् आज तू आंगठा देत फिरतोस. आमच्या घरात एक तरी सही करनारा हुऊ दे की!" पर मनात त्याचं ठरल्यालं हुतं. अन् खरं सांगते, नुसती सहीची गोष्ट न्हाई. लेक-सून गेल्यावर ह्या घरात मी एकटी. पोरगंबी गेलं तर मला दिवाळी काय अन् शिमगा काय, समदं सारखंच.

त्याच आठवड्यात नगरच्या कॉलेजातली पाठकबाई गावात आली. जाड भिंगाचा चष्मा, खांद्याला झोळी. मानसाचं मन पाळन्यापासनं तिरडीपतुर कसं कसं वाढतं, त्याचा आभ्यास करती म्हनं. लहान पोरांना इचारायची, तसंच म्हाताऱ्यांनाबी. मी म्हनलं, "आवं बाई, मन कुठलं वाढतंय, तापच वाढतो." ती हसली. मला इचारती, "आजी, या वयात तुम्हाला कशाची काळजी वाटते?"

"तुमी बोलत बसल्यावर माझी चूल कोन पेटवनार, ह्याची."

पोरगी गुनाची. राग न्हाई धरला.

शाळेच्या वट्यावर ती पोरांना एकेक करून बसवायची. काचेचे दोन सारखे पेले, दोन्हीत सारखं पानी. मंग पोरादेखत एका पेल्यातलं पानी उंच, चिंचोळ्या पेल्यात वतायची अन् इचारायची, "आता कशात जास्त आहे?" शेजारच्या श्रीमंताचं धाकटं म्हनलं, उंचात. त्याची थोरली बहीन म्हनली, सारखंच हाय, तेच तर वतलंय. बाई दोघांनाबी 'छान' म्हनली. पर मी काय दूधखुळी हाय व्हय? परीक्षा म्हनली की कुनी पास, कुनी नापास. थोरल्या पोरीचं खरं, एवढं मला कळलं. गहिनीची पाळी दुसऱ्या दिवशी हुती, अन् सूर्यभान म्हनलाच हुता, "बघू तरी ती बाई काय म्हनती."

मंग काय! सांजच्याला पोराला धरून बसवला. दोन तांब्यांत सारखं पानी भरलं अन् एकातलं उंच भांड्यात वतलं.

"बोल, सारखं."

"आजी, ह्याच्यात जास्त हाय."

"मेल्या, सारखं म्हन!"

"पर हे बघ की, किती वर आलंय!"

दोन धपाटे घातले. रडला, तवा गुळाचा खडा दिला. पुन्हा वतलं, पुन्हा तेच. शेवटी कटाळून म्हनला, "बरं, सारखं." मी कानशिलावर बोटं मोडली अन् बजावलं, "चुकू नगंस, आं!"

दुसऱ्या दिवशी सूर्यभान हाताची घडी घालून वट्याच्या कडंला उभा. बाईनं पानी वतलं. गहिनीनं माझ्याकडं बघितलं अन् घडाघडा म्हनला, "सारखं हाय." म्या मनात गूळ-खोबरं वाटलं.

बाईनं इचारलं, "का रे बाळ?"

"आजीनं सांगितलंय म्हनून. पर जास्त ह्याच्यातच हाय." अन् उंच पेल्यावर बोट ठिवलं की भाड्यानं! समदी पोरं फिदीफिदी हासली. मला धरनी पोटात घील तर बरं, आसं झालं.

"बघितलंस, आये?" सूर्यभान म्हनला. "मंदच हाय."

"दादा, थांबा," बाई म्हनली. "या वयाची बहुतेक मुलं हेच सांगतात. माझी भाची नगरच्या मोठ्या शाळेत जाते, तीही हेच म्हणाली. दुधाचे दात अजून पडले नाहीत म्हणून आपण पोराला बोल लावतो का? हेही तसंच आहे. वर्ष-दोन वर्षांत त्याचं त्याला उमजेल. तो मंद नाही. त्याला फक्त ते वय मिळू द्या."

सूर्यभाननं हाताची घडी सोडली. मंग म्हनला, "बाई, मी ह्याच्याएवढा हुतो तवा फडात गेलो. ज्याचं ते वय उसात गेलं, त्याचं म्होरं काय हुतं? हाय का तुमच्या पुस्तकात?"

बाईनं चष्मा काढून पदराला पुसला. "नाही दादा. मला माहीत नाही."

एवढा मिशावाला बाप्या, पर आवाज मला लेकराचा वाटला. त्या रात्री जेवताना त्यो ताटाकडं बघत म्हनला, "ऱ्हाऊ दे गहिनीला हितंच." सून केशर भाकरी थापत हुती, तिचा हात थांबला.

गाड्या निघायच्या दिवशी पोरगं समद्यांच्या आधी उठून गाडीतल्या वाकळांच्या गठुड्यावर चढून बसल्यालं. आपनबी चाललो, आसं ते धरूनच चाललं हुतं. अन् आमी तिघांनीबी त्याला तोंड उघडून सांगितलं नव्हतं. कसं सांगावं, कुनी सांगावं, ह्यातच दिवस गेले. सूर्यभाननं बखोटीला धरून त्याला खाली उतरवला, कपाळाचा मुका घेतला अन् बैलं हानली. केशरनं पदराचा बोळा तोंडात कोंबला, मागं वळून बघितलं न्हाई. बघितलं आसतं तर तिनं उडीच टाकली आसती. पोरगं "आये, आये" करत वढ्यापतुर धावलं. त्याला आवरता आवरता माझा ऊर फुटायची पाळी आली. तरी मनात माझी मलाच म्हनत हुते, लंके, जिकलीस!

दिवसभर त्यो दारात बसला. भाकरी न्हाई, गूळ न्हाई, रडनंबी न्हाई. दिवस मावळायला आला तसा आत आला अन् माझ्याम्होरं ताठ उभा ऱ्हायला, शाळेत उभा ऱ्हातो तसा.

"आजी, माझं चुकलं म्हनून मला ठिवून गेली ना आय?"

"न्हाई रं माझ्या राजा, तू कुठं चुकला?"

"आता न्हाई चुकनार. दोन्हीत सारखंच हाय. तू जा, आयला सांग, गहिनी बरोबर बोलला."

मी त्याला पोटाशी धरला. अन् ते आपलं माझ्या पदरात तोंड घालून म्हनतच हुतं, "सारखं हाय, आजी. सारखं हाय."