नावे डावीकडे

भुसाराच्या दुकानात मी एकतीस वर्षं वह्या लिहितोय. आमच्या वहीत जमा डावीकडे आणि नावे उजवीकडे. आण्णांनी, म्हणजे जुन्या मालकांनी, मला तसंच शिकवलं. आता दुकान त्यांचा मुलगा बसवेश बघतो. दिवाळीनंतर त्याने कॉम्प्युटर घेतला आणि मला म्हणाला, "वेणीकाका, लेखा सहायकाचं सर्टिफिकेट काढा. पास झालात तर तुम्हीच बसा. नाहीतर मला दुसरा माणूस बघावा लागंल की."

माझी बायको यशोदा जाऊन तेव्हा पाच महिने झाले होते. सात रस्ता चौकाजवळ झेरॉक्सच्या दुकानावर क्लास आहे, तिथे नाव घातलं. शिकवणाऱ्या नाजनीन मॅडम माझ्या निम्म्या वयाच्या. वर्गातली बाकीची मुलं नुकतीच बारावी झालेली.

तिथल्या पुस्तकात नावे, म्हणजे डेबिट, डावीकडे आणि जमा, म्हणजे क्रेडिट, उजवीकडे. कोणाच्या नावे टाकायचं आणि कोणाच्या खाती जमा धरायचं, हे मला कधी चुकलं नाही. बाजू चुकायची.

"काका, परत उलटं," मॅडम म्हणायच्या.

"हात तिकडंच जातो, मॅडम."

"इतकी वर्षं आरशात बघून लिहीत होता काय?"

वर्ग हसला. मीही हसलो.

वर्षअखेरीला मी वह्या घरी आणायचो. यशोदा सातवी शिकलेली. मी बेरीज वरून खाली करायचो, ती खालून वर. दोन्ही जुळल्या की वही मिटून म्हणायची, "जुळलं. उठा आता, जेवून घ्या." क्लासचा अभ्यास मी एकट्याने केला. बेरीज एकदाच करायचो.

परीक्षा मार्चमध्ये झाली. शेवटचा प्रश्न तेरजेचा होता. सगळ्या खात्यांच्या बाक्या छापील तक्त्यात दोन बाजूंना मांडायच्या आणि दोन्हीकडची बेरीज सारखी आणायची. मी तक्ता भरला. बेरजा पहिल्याच फटक्यात जुळल्या. पेन खाली ठेवलं आणि उठायला लागलो.

मग तक्त्याचा मथळा वाचला. डावीकडे 'नावे' छापलं होतं आणि त्याच्याखाली मी मालकाचं भांडवल लिहिलं होतं, जे जमा असतं. सगळी तेरीज उलटी झाली होती. उलटी असली तरी बेरजा जुळतातच.

दहा मिनिटं उरली होती. छापलेले शब्द खोडले तर प्रश्न तपासत नाहीत, असं मॅडमनी सांगून ठेवलं होतं. मी त्या पानावर काट मारली, पुरवणी मागून घेतली, रेघा मारल्या. डाव्या हाताचं बोट कागदाच्या डाव्या कडेला ठेवलं आणि प्रत्येक खात्याला "नावे हिकडं" म्हणत लिहीत गेलो. पर्यवेक्षक जवळ येऊन म्हणाले, "आजोबा, मनातल्या मनात म्हणा की."

अठरापैकी चौदा खाती झाली आणि घंटा वाजली. बेरीज राहिली. बेरीज न जुळवता कागद हातातून सोडण्याची ती माझी पहिलीच वेळ.

बाहेर मॅडम उभ्या होत्या. त्यांना झालेलं सांगितलं.

"चौदा बरोबर बाजूला हायत ना?"

"हायत. पण बेरीज नाही."

"बेरजेला दोन मार्क असतात, काका."

"दोनच?"

"दोनच."

हे मला माहीत नव्हतं. मी पुन्हा एकदा विचारलं. त्यांनी पुन्हा दोनच सांगितलं.

निकाल जूनमध्ये लागला. पास व्हायला पन्नास लागत होते, मला बावन्न पडले. मॅडमचा फोन आला तेव्हा मी दुकानातच होतो. बसवेशला सांगितलं. तो म्हणाला, "मग सोमवारपासून मशीनवर बसा."

मी म्हणालो, "सोमवारी यशोदाचं वर्षश्राद्ध आहे. मंगळवारी बसतो."

"मंगळवारी बसा," तो म्हणाला.